घराची किंमत आणि बोर्डाखालच्या चपला

(गास येथे झालेल्या बायकांच्या बैठकीत केलेले भाषण. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजच्या बैठकीचा विषय 'घर कोणाचे?' असा आहे. यावर आपण पुष्कळ बोललो आहोत. १९९४ साली महाराष्ट्राचे पहिले महिला धोरण आले. त्याच वर्षी राज्याने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून अविवाहित मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हिस्सा दिला. २००५ साली तो हक्क देशभरच्या मुलींना मिळाला. त्याच वर्षीच्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्क मान्य केला. हे सगळे मी शिबिरांतून फळ्यावर लिहून शिकवते. समाजकार्यात एम. ए. केले आणि तेव्हापासून हेच काम करते आहे.

पण गेल्या वर्षी मी स्वतः घर घ्यायला निघाले, आणि लक्षात आले की कायदा फळ्यावर लिहिणे वेगळे आणि घराचा भाव ठरवायला चार पुरुषांसमोर बसणे वेगळे. आज मी त्या व्यवहाराबद्दल बोलणार आहे. विषय तसा साधा आहे, भिंतीतल्या वायरींचा. कोणाला वाटेल, हा काय बायकांच्या बैठकीचा विषय झाला? ते शेवटी तुम्हीच ठरवा.

एक गोष्ट आधी सांगते. ज्यांच्याकडून घर घेतले त्या मावशी याच भागातल्या आहेत. गास लहान आहे, तुमच्यापैकी कोणी त्यांना ओळखेलही. म्हणून इथे बोलण्याआधी मी त्यांना विचारून आले. त्या म्हणाल्या, "सांग की. पण माझ्या पोरांना वाईट म्हणू नकोस." ती अट पाळायचा मी प्रयत्न करणार आहे.

आम्ही मूळचे कोकणातले. वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली, मुंबईतली खोली गेली आणि अनेक गिरणी कुटुंबांसारखे आई-वडील नालासोपाऱ्याला भाड्याने राहायला आले. तेव्हापासून आईने अकरा घरे बदलली. प्रत्येक घरात तिने ओटा घासला, गळक्या नळाला चिंधी बांधली आणि अकरा महिन्यांनी बोचकी बांधली. यांतले एकही घर तिच्या नावावर नव्हते, वडिलांच्याही नव्हते. वडील गेल्यावर मी ठरवले की आता घर घ्यायचे, आणि ते आईच्या आणि माझ्या नावाने घ्यायचे.

एजंटने पहिल्याच दिवशी सल्ला दिला, "मॅडम, भावाचं नाव पण टाका, बरं पडतं." मी त्याला सांगितले की महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सोबत पुरुषाचे नाव आले की ती सवलत जाते. सुरुवातीला त्यात अशी अट होती की त्या बाईने पंधरा वर्षे ते घर पुरुषाला विकायचे नाही. २०२३ साली ती अट काढली. तीस लाखांच्या घरात ही सवलत तीस हजारांची होते. पैसे वाचतात म्हटल्यावर भावाचे नाव मागे पडले. हक्काचे बोलून जे झाले नसते ते हिशेबाने झाले.

पुष्कळ शोधल्यावर गासच्या गावठाणातले एक जुने बैठे घर मिळाले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे विहीर आणि केळीची चार झाडे. मावशींचे यजमान वारल्यावर मोठ्या मुलाकडे राहायला जायचे आणि हे घर विकायचे, असे त्या घरात ठरले होते. दोन मुलगे आणि लग्न होऊन शेजारच्या गावी गेलेली एक मुलगी. तेहतीस लाखांवरून बोलणी सुरू झाली आणि साडेएकतीस लाखांवर थांबली. मी एक्कावन्न हजार रुपये टोकन दिले, त्याची पावती घेतली आणि खुशीत घरी आले.

इथे माझी चूक झाली. घर नीट तपासण्याआधी मी पैसे दिले. कागद सगळे तपासले होते. वकीलताईंनी घरपट्टीपासून वारसांच्या नावांपर्यंत सगळे पाहिले होते. घर मात्र मी बाहेरच्या खोलीत बसून, चहा पीत पाहिले होते.

चार दिवसांनी आईला घर दाखवायला नेले. आई बाहेरच्या खोलीत बसलीच नाही, सरळ स्वयंपाकघरात गेली. मी, मामा, एजंट आणि मावशींचे मुलगे बाहेर बसून तारखा ठरवत होतो. थोड्या वेळाने आईने मला आत बोलावले. स्विचबोर्डाखाली जमिनीवर रबरी चपलांचा एक जोड ठेवलेला होता, आणि शेजारी लाकडी पाट.

आईने विचारले, "मावशी, या चपला इथे कशाला?"

मावशी म्हणाल्या, "मिक्सर लावायचा, मशीन लावायची, तर घालायच्या. नाही तर झिणझिण्या येतात. नळालाही येतात कधी कधी. आता सवय झाली."

मी बाहेर येऊन मुलांना विचारले. मोठा म्हणाला, "वायरिंग एकदम ओके आहे मॅडम. आम्हाला कधी शॉक बसला नाही." तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच कधी शॉक बसला नव्हता. ओल्या हाताने त्या बोर्डापाशी तो कधी गेलाच नव्हता. एकाच घरात राहून आईला रोज जे माहीत होते ते मुलाला माहीत नव्हते, कारण त्या घरातले काम वाटलेले होते आणि शॉक कामाबरोबर वाटला गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी शासनाचा परवाना असलेला विद्युत कंत्राटदार घेऊन गेले. हा माणूस कोपऱ्यावरच्या दुकानातला ओळखीचा वायरमन असून चालत नाही. परवानाधारकच लेखी अहवाल देऊ शकतो, आणि भाव करताना तो लेखी कागदच उपयोगी पडतो. त्याने दोन तास लावले. त्याने काय दाखवले ते नीट सांगते, म्हणजे तुम्हाला तुमच्या घरी पाहता येईल.

पहिली गोष्ट, मीटरच्या पुढचे सगळे आपले. मीटरपर्यंतची वायर वीज कंपनी सांभाळते, त्यापुढची जबाबदारी घरमालकाची. त्यामुळे 'कंपनीला कळवलंय' हे उत्तर घरातल्या वायरिंगला लागू होत नाही.

दुसरी, हे वायरिंग झाले तेव्हा त्या घरात चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ होता. त्याच वायरीवर पुढे फ्रीज आला, मिक्सर आला, धुण्याचे मशीन आले, गीझर आला. दोन हजार वॉटचा गीझर एकटाच सुमारे नऊ अँपियर ओढतो. बारीक वायरीवर एवढा भार पडला की ती आतून तापते. वरचे आवरण कडक होते, तडकते. बोर्ड तपकिरी पडला असेल, हाताला गरम लागत असेल, गीझर लावल्यावर दिवा मंद होत असेल, जळका वास येत असेल, तर ती तापलेल्या वायरीची खूण आहे. इथे किटकॅटमध्ये फ्यूजची बारीक तार होती ती वारंवार जाते म्हणून कोणीतरी जाड तार घातली होती. फ्यूजचे काम जळून घर वाचवणे. तो जळू नये अशी सोय केली, म्हणजे जळण्याची पाळी वायरीवर आणली.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, अर्थिंग. तीन पिनांचे सॉकेट होते, पण तिसऱ्या भोकामागे एक तार थेट पाण्याच्या लोखंडी नळाला बांधलेली होती. पूर्वी बरेच जण असे करत. लोखंडी पाइप जमिनीत गेलेला, म्हणून गळणारी वीज त्यातून जमिनीत जायची. ही पद्धत चुकीची, पण तेव्हा निभावून गेली. मग काही वर्षांपूर्वी बाहेरची जुनी पाइपलाइन काढून प्लास्टिकची टाकली. वीज जमिनीत जायचा रस्ताच बंद झाला. ती फ्रीजच्या पत्र्यावर आणि नळात थांबायची, आणि मावशींनी ओल्या हाताने नळ धरला की त्यांच्या अंगातून जमिनीत जायची. चपला घातल्या की तो रस्ता बराचसा अडायचा. मावशी म्हणाल्या, "खरंच की, नळ बदलले त्या वर्षापासून सुरू झालं." त्यांनी तेव्हा घरात सांगितलेही होते. प्लंबर आणि वायरमन ही दोन कामे वेगवेगळी, त्यामुळे कोणी दोन्ही जोडून पाहिले नाही.

चौथी, ओल. आपल्या भागात बावखले बुजवली, पाण्याच्या वाटा अडवल्या, आणि पावसाळ्यात पाणी घरात यायला लागले. जुलै २०१८ चा पूर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. वसई-नालासोपाऱ्यात कित्येक ठिकाणी दिवसचे दिवस पाणी आणि अंधार. या घरातले खालचे सॉकेट त्या पाण्यात होते. पाणी ओसरल्यावर पुसून ते पुन्हा सुरू केले होते. कंत्राटदाराने मेगर लावून वायरींचे आवरण तपासले, तर स्वयंपाकघराची बाजू पार नापास झाली.

त्याने सांगितले की तुकडे बदलून चालणार नाही, सगळे वायरिंग नव्याने करावे लागेल. जमिनीत खड्डा घेऊन स्वतंत्र अर्थिंग, प्रत्येक सर्किटला एम. सी. बी. आणि सगळ्यांवर तीस मिलिअँपियरचा आर. सी. सी. बी. यांतला फरक लक्षात ठेवा. एम. सी. बी. वायरीला वाचवतो. माणसाच्या अंगातून वीज जायला लागली तर क्षणात पुरवठा तोडतो तो आर. सी. सी. बी. बोर्ड नवा चकचकीत आहे एवढ्यावर जाऊ नका, त्यात हा आहे का ते विचारा. त्यावर चाचणीचे बटण असते, ते दाबून पाहा.

आता भावाची गोष्ट. मी दोन कंत्राटदारांकडून अंदाजपत्रके घेतली. पहिले एक लाख बेचाळीस हजारांचे, दुसरे एक लाख एकतीस हजारांचे, भिंती फोडणे आणि पुन्हा गिलावा करणे धरून. मग मी आणि आईने बसून त्यांतून आमच्या हौसेच्या गोष्टी काढल्या. ए. सी. चा पॉइंट, ओट्यावरची जादा सॉकेट्स, अंगणातला दिवा. हे आम्हाला हवे होते, पण तो घरातला दोष नव्हता, त्याचे पैसे विकणाऱ्याने का द्यावेत? ते वजा केल्यावर पहिले एक लाख अठरा हजार झाले, दुसरे एक लाख आठ हजार. मी ठरवले की कमी आहे तेच मागायचे, फुगवून मागायचे नाही. जेवढे मागते त्याचा प्रत्येक रुपया कागदावर दाखवता आला पाहिजे.

बैठकीच्या दिवशी मामांना सांगून ठेवले होते, की सोबत या पण बोलू नका. एजंट सारखा त्यांच्याकडे बघून बोलत होता. मामा दर वेळी म्हणायचे, "व्यवहार भाची करतेय, तिला सांगा." तिसऱ्यांदा म्हटल्यावर त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली.

तो म्हणाला, "मॅडम, घर जुनं म्हणजे वायरिंग जुनं असणारच. ते भावात धरलेलंच आहे." हा मुद्दा अगदीच खोटा नाही, म्हणून त्याला उत्तर तयार ठेवा. मी म्हटले, "जुनं भावात धरलंय हे मान्य. कौलं जुनी आहेत, फरशी जुनी आहे, मी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. पण नळाला हात लावल्यावर शॉक बसतो हे जुनेपण नाही, हा धोका आहे. आणि भाव ठरला तेव्हा तो मला कोणी सांगितला नव्हता." कायदाही तेच सांगतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने दिसणार नाही असा मोठा दोष त्याने घेणाऱ्याला सांगितला पाहिजे. बिल्डरकडून नवे घर घेताना २०१६ चा रेरा कायदा आधाराला असतो. माणसाने माणसाला विकलेल्या जुन्या घराला तो आधार नाही. तिथे हे जुने कलम आणि आपली चौकशी, एवढेच.

मुलांनी आधी वीस हजार देऊ केले. "मेन बदलून घ्या, बाकी चालतंय." मग म्हणाले, आम्हीच दुरुस्त करून देतो. त्याला मी नाही म्हटले. विकून जाणारा माणूस दुरुस्ती करतो ती वरवरची, भिंतीच्या आत काय केले ते पुढे कळत नाही. मग एजंटने शक्कल काढली. कागदावर साडेएकतीसच ठेवू, म्हणजे कर्ज जास्त मिळेल, आणि लाखभर रोख तुम्हाला मागून परत देऊ. मैत्रिणींनो, हा रस्ता कधीच घेऊ नका. एक तर तो बेकायदा. दुसरे, रोखीत जे फिरते ते कोणाच्या वाट्यातून आले आणि कोणाच्या खिशात गेले हे घरातल्या बाईला कधीच कळत नाही.

बोलणी तुटायला आली होती. मोठा मुलगा म्हणाला, "ठीक आहे, दुसरं गिऱ्हाईक बघू." तेव्हा आतून मावशी आल्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "येईल त्याला मी सांगणारच. घरात लेकरं असतील तर? चपला काही मी लपवून ठेवणार नाही."

सगळे गप्प झाले. एक लाख आठ हजारांवर व्यवहार ठरला. तीस लाख बेचाळीस हजार.

मी मनातून खूश झाले होते, हे लपवत नाही. आणि त्याच वेळी मोठा मुलगा आईकडे वळून म्हणाला, "तू बोललीस ना? मग तुझ्या वाट्यातनंच कापू."

इथपर्यंतची गोष्ट वायरिंगची होती. इथून पुढे ती आपल्या विषयाची झाली.

हिशेब असा. हे कुटुंब ख्रिस्ती. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्यात विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले सगळ्या मुलांना सारखे, मुलगा-मुलगी असा भेद नाही. म्हणजे साडेएकतीस लाखांत मावशींचे साडेदहा लाख, आणि तिन्ही मुलांचे सात-सात लाख. एक लाख आठ हजार कमी झाल्यावर हिशेबाने मावशींचे छत्तीस हजार कमी व्हायचे आणि मुलांचे चोवीस-चोवीस हजार. पण तिथे ठरत होते की सगळे एक लाख आठ हजार एकट्या मावशींचे जाणार. शॉक त्यांनी खाल्ला, खरे त्यांनी सांगितले, आणि भरपाईही त्यांनीच द्यायची.

मुलाची बाजू सांगते, कारण मी मावशींना शब्द दिला आहे. वडिलांच्या आजारपणाचा खर्च त्याने केला होता, टेम्पोचे कर्ज त्याच्या डोक्यावर होते, आणि आई त्याच्याकडेच राहणार होती. "तिला पैसे कशाला लागतात? तिचं सगळं मीच बघणार," हे तो मनापासून म्हणत होता. आपण ज्या घरांत काम करतो तिथे हे वाक्य नेहमी ऐकतो. ते प्रेमाने म्हटले जाते म्हणूनच त्याला उत्तर देणे कठीण जाते.

मावशींच्या मुलीला फोन लावला. ती लगेच म्हणाली, "आईचे नका कापू, माझे कापा. माझा हिस्सा राहिला तरी चालेल." बघा, एका बाईचे वाचवायला दुसरी बाई पुढे आली ती स्वतःचे सोडूनच. दोन्ही मुलग्यांच्या सात-सात लाखांना या सगळ्यात कोणी हात लावला नव्हता.

आणि मी? मला काहीच करायची गरज नव्हती. पैसे कोणाच्याही वाट्यातून कापा, मला घर तीस लाख बेचाळीस हजारांनाच मिळणार होते. 'हा त्यांचा घरगुती प्रश्न' असे म्हणून मी उठू शकत होते. नवऱ्याने मारहाण केली की शेजारी हेच म्हणतात, आणि आपण त्यांना किती बोलतो! त्या रात्री मला झोप लागली नाही. जास्त बोलावे तर व्यवहार मोडेल, टोकन अडकेल, आईचे बारावे भाड्याचे घर शोधावे लागेल. आईला सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "त्यांनी चपला लपवल्या असत्या तर पहिला शॉक मला बसला असता."

सकाळी वकीलताईंकडे गेले. त्यांनी वाट दाखवली. कोणी आपल्या आईला किती द्यावे हे खरेदीदाराने सांगायचे नाही, तो अधिकार आपला नाही. पण आपले खरेदीखत पक्के असावे हे बघायचा अधिकार आपला आहे. म्हणून मी कळवले की चारही वारसांच्या सह्या हव्यात, प्रत्येकाला त्याच्या कायदेशीर हिस्स्याची रक्कम त्याच्या स्वतःच्या बँक खात्यात जाईल, आणि कोणाला किती दिले ते खरेदीखतात लिहिले जाईल. पुढे कोणी 'मला माझा वाटा मिळाला नाही' म्हणून उभे राहिले तर मला पुरावा हवा. हे पूर्ण खरे होते. त्यामागे दुसरेही कारण होते, आणि ते मुलांनाही समजत होते.

आठ दिवस निरोप नाही. मग धाकटा मुलगा एकटाच आला. म्हणाला, "हिशेबाप्रमाणे करा. दादाला मी समजावलंय." मावशींचे दहा लाख चौदा हजार, तिन्ही मुलांचे सहा लाख शहात्तर हजार. मावशींच्या नावावर स्वतंत्र खाते नव्हते, ते उघडायला मुलगी सोबत गेली. नोंदणीच्या दिवशी मुलीनेही सही करून आपला वाटा घेतला.

ही विजयाची गोष्ट म्हणून मी सांगत नाही. मावशी आज मोठ्या मुलाकडे आहेत, टेम्पोचे कर्ज अजून आहे, आणि ते पासबुक कोणाच्या कपाटात असते हे मी विचारलेले नाही. मावशींना त्यांच्या खरेपणाचे छत्तीस हजार पडले, आणि ते माझ्यामुळेच कमी झाले, हेही मी विसरत नाही. भाव पाडणारी मीच होते. पण ते छत्तीस हजार होते, एक लाख आठ हजार नव्हते.

यातून मला जे कळले ते एवढेच आहे. आपण घासाघीस करतो तेव्हा समोर 'घर' नावाचा एक माणूस नसतो. त्या घरात कोणी शॉक खात असते आणि कमी झालेला रुपया कोणाच्या तरी पदरातून जात असतो. बहुतेक वेळा ती एकच बाई असते. म्हणून दोष मोठ्याने सांगा, त्याचा आकडा कागदावर मांडा, स्वतःच्या तोंडाने मागा. आणि आकडा ठरल्यावर न उठता विचारा, हा कोणाच्या वाट्यातून जाणार?

घर घेताना टोकन देण्याआधी स्वयंपाकघरात जा, आणि त्या घरातल्या सगळ्यांत जास्त काम करणाऱ्या बाईला विचारा. बिल बघा, त्यावर मंजूर भार छापलेला असतो. मागची थकबाकी बघा, कारण जुन्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२३ चा निकाल आहे. आणि विजेचे मीटर आहे म्हणून घर कायदेशीर आहे असे समजू नका. नालासोपारा पूर्वेच्या ज्या ४१ बेकायदा इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४-२५ मध्ये पाडल्या, तिथेही वीज होती, बिले येत होती.

ज्या भाड्याने राहतात त्यांनी 'आपले कुठे घर आहे' म्हणून सोडून देऊ नये. शॉक भाडेकरूला वेगळा बसत नाही. पावसाळ्याआधी मालकाला लेखी कळवा, दोघी-चौघी मिळून कळवा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरचे वीजबिल आणावे. कंत्राटदार ताई-दादांपैकी कोणाला तरी बोलावून बोर्ड कसा तपासायचा ते शिकून घेऊ. आणि ज्यांच्या घरी बोर्डाखाली चपला आहेत त्यांनी तसे सांगावे. सवय झाली म्हणून गप्प बसू नये.